आधी ट्रान्स्फॉर्मर, मग सर्किट, शेवटी व्हॉल्व्ह

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: घरात आजोबांचा बंद पडलेला व्हॉल्व्हचा, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्यांचा, रेडिओ आहे. त्यात ईसीएच८१, ईबीएफ८९, ईबीसी८१, ईएल८४ आणि ईझेड८० हे व्हॉल्व्ह आहेत. शिवाय भंगारवाल्याकडून आणलेल्या खोक्यात आणखी एक ईएल८४, दोन ईसीसी८३, तीन पीसीएल८२ आणि नावं पुसलेले बरेच व्हॉल्व्ह निघाले. यातून फ्लॅटमध्ये वाजवता येईल असा छोटा गिटार ॲम्प (ॲम्प्लिफायर) बनवायचा आहे आणि आवाज पन्नास-साठच्या दशकातल्या रेकॉर्डवर असतो तसा हवा आहे. प्रश्न असा, की सगळ्यात चांगला व्हॉल्व्ह कोणता आणि त्याला सर्किट कोणतं लावायचं? ट्रान्झिस्टरची किट तुम्ही जोडली आहेत, व्हॉल्व्हचं काम मात्र पहिल्यांदाच करताय.

माझा सल्ला असा की प्रश्नाचा क्रम उलटा करा. व्हॉल्व्ह निवडून त्याला सर्किट शोधायला गेलात की दर वेळी ट्रान्स्फॉर्मरपाशी अडाल. छोट्या ॲम्पमध्ये सगळ्यात महाग, सगळ्यात जड आणि मिळायला सगळ्यात कठीण वस्तू म्हणजे मेन ट्रान्स्फॉर्मर (भिंतीतली वीज घेणारा) आणि आउटपुट ट्रान्स्फॉर्मर (स्पीकर चालवणारा). ते काय देऊ शकतात यावर सर्किट ठरतं, आणि सर्किट ठरलं की व्हॉल्व्हसाठी दोन-तीनच नावं उरतात. तुमच्या बाबतीत हे दोन्ही ट्रान्स्फॉर्मर रेडिओतच बसलेले आहेत, त्यामुळे अर्धं उत्तर तिथंच मिळतं. रेडिओ चालू होण्यासारखा असेल आणि घरच्यांचा त्यात जीव असेल, तर तो दुरुस्त करून तसाच ठेवा आणि ॲम्पसाठी दुसरा मोडका सेट शोधा. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या गल्ल्यांत किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात कॅबिनेट फुटलेले सेट अजून दिसतात, आणि आपल्याला हवी असते ती नुसती चॅसी, म्हणजे आतला धातूचा सांगाडा.

काम सुरू करण्याआधी जिवाची काळजी. ट्रान्झिस्टरच्या किटमध्ये १२ किंवा २४ व्होल्ट असतात. इथे एचटी, म्हणजे व्हॉल्व्ह चालवणारी उच्च व्होल्टेजची वीज, २५० ते ३०० व्होल्ट डीसी आहे, आणि प्लग काढल्यावरही फिल्टर कंडेन्सरमध्ये ती बराच वेळ टिकून राहते. पहिल्या फिल्टर कंडेन्सरला समांतर २२० किलोओहम, २ वॅटचा रेझिस्टन्स कायमचा डाग देऊन टाका, म्हणजे बंद केल्यावर चार्ज आपोआप उतरेल. तरीही प्रत्येक वेळी हात घालण्याआधी मीटर लावून शून्य बघायचं. चालू चॅसीवर मोजमाप करताना काळं प्रोब क्लिपनं चॅसीला अडकवा आणि एकच हात वापरा. तीन पिनांचा प्लग, अर्थिंग थेट चॅसीला, फेजमध्ये फ्यूज. यातलं काहीही वगळायचं नाही, कारण गिटारच्या तारा जॅकमधून थेट चॅसीला जोडलेल्या असतात आणि तुमचा हात त्या तारांवर असतो.

याच कारणासाठी रेडिओ कोणत्या जातीचा आहे ते आधी ओळखावं लागतं. युरोपीय पद्धतीच्या नावातलं पहिलं अक्षर हीटर, म्हणजे व्हॉल्व्ह तापवणाऱ्या तारेला काय लागतं ते, सांगतं. ई म्हणजे ६.३ व्होल्ट, पी म्हणजे ३०० मिलिअँपिअर, यू म्हणजे १०० मिलिअँपिअर, डी म्हणजे १.४ व्होल्टचे बॅटरीवर चालणारे. पुढची अक्षरं आत काय आहे ते सांगतात. सी ट्रायोड (तीन इलेक्ट्रोडचा), एफ पेंटोड (पाच इलेक्ट्रोडचा), एल आउटपुट पेंटोड (स्पीकर चालवणारा), बी जोड-डायोड, झेड फुल वेव्ह रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा). आकडा आठनं सुरू झाला की नऊ पिनांचा नोव्हल बेस. एवढं ध्यानात ठेवलं तर पीसीएल८२ म्हणजे ३०० मिलिअँपिअरचं हीटर आणि एकाच काचेत ट्रायोड व आउटपुट पेंटोड, हे डेटाशीट न उघडता कळतं.

यू मालिकेचे व्हॉल्व्ह असलेले सेट बहुतेक वेळा मेन ट्रान्स्फॉर्मरशिवाय चालायचे. सगळे हीटर एकामागे एक जोडून थेट मेनवर, आणि मेनची एक वायर थेट चॅसीला. अशा सेटला गिटार कधीही लावायची नाही. अमेरिकेत ५०सी५ आणि ३५डब्ल्यू४ घातलेले याच पद्धतीचे स्वस्त गिटार ॲम्प विकले जायचे, आणि आजही ते दुरुस्तीला घेताना जाणते लोक आधी आयसोलेशन ट्रान्स्फॉर्मर बसवतात. तुमच्या सेटमध्ये सगळे ई मालिकेचे आहेत, ही चांगली खूण. तरीही खात्री करा: प्लग भिंतीतून काढलेला, रेडिओचा स्विच चालू, आणि प्लगच्या दोन्ही पिना एकेक करून चॅसीशी मोजा. मीटरनं काही मेगओहमच्या वर किंवा उघडं दाखवायला हवं. काही ओहम किंवा काहीशे ओहम दिसले तर तिथंच थांबा.

आता मुख्य निवड. छोट्या व्हॉल्व्ह ॲम्पच्या जगात दोन नमुने सगळ्यांना माहीत आहेत. एक फेंडरचा चॅम्प, १९५० च्या दशकातलं ५एफ१ सर्किट: एक १२एएक्स७, म्हणजे आपला ईसीसी८३च, एक ६व्ही६ आणि एक ५वाय३ रेक्टिफायर. दुसरा इंग्लंडचा व्हॉक्स एसी४: पुढे ईएफ८६, ट्रेमोलोसाठी ईसीसी८३, शेवटी ईएल८४ आणि रेक्टिफायर ईझेड८०. एसी४चे शेवटचे दोन व्हॉल्व्ह बघा आणि तुमच्या रेडिओचे शेवटचे दोन बघा. तेच आहेत. फिलिप्स-मुलार्डचे हे व्हॉल्व्ह रेडिओसाठी ढिगानं बनत होते, म्हणून ते ॲम्पवाल्यांनीही घेतले. आपल्याकडे बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनं १९६१ पासून रेडिओचे व्हॉल्व्ह बनवायला सुरुवात केली. जुन्या सेटमध्ये काचेवर ‘बीईएल’ लिहिलेला ईएल८४ दिसला तर त्याला दुय्यम समजू नका.

चॅम्प जसाच्या तसा तुमच्या सामानात होणार नाही. ५वाय३ला ५ व्होल्ट २ अँपिअरचं वेगळं वाइंडिंग लागतं, आणि ते तुमच्या ट्रान्स्फॉर्मरमध्ये असणार नाही, कारण ईझेड८० ६.३ व्होल्टवरच चालतो. ईएफ८६ तुमच्याकडे नाही, आणि असता तरी पहिल्या ॲम्पसाठी मी तो सुचवला नसता. त्याच्या एका स्टेजमधून दीडशेच्या वर गेन (सिग्नलची वाढ) मिळतो आणि आवाज भरदार येतो, पण स्पीकरच्याच खोक्यात बसवला की तो हादरे पकडून घुमायला लागतो. त्यामुळे तुमच्यासाठी माझं उत्तर मिश्र आहे: पुढचा भाग चॅम्पचा, म्हणजे ईसीसी८३चे दोन ट्रायोड एकामागे एक, आणि मागचा भाग एसी४चा, म्हणजे ईएल८४ आणि ईझेड८०.

यामागचा हिशेब सांगतो, कारण तोच पुढच्या प्रत्येक निवडीत उपयोगी पडेल. साध्या सिंगल कॉइल पिकअपमधून साधारण १०० मिलिव्होल्ट येतात, जोरात वाजवलं तर त्याच्या काही पट. ईएल८४ला २५० व्होल्टवर पूर्ण ५.७ वॅट द्यायला ग्रिडवर, म्हणजे सिग्नल आत घेणाऱ्या टोकावर, ४.३ व्होल्ट आरएमएस लागतात. ६व्ही६ला त्याच २५० व्होल्टवर ४.५ वॅटसाठी जवळजवळ ८.८ व्होल्ट लागतात, म्हणजे दुप्पट. ईसीसी८३चा एक ट्रायोड, प्लेटला (सिग्नल बाहेर पडतो ते टोक) १०० किलोओहम आणि कॅथोडला (इलेक्ट्रॉन सोडणारं टोक) दीड किलोओहम व कंडेन्सर असा जोडला, तर ५५ च्या आसपास गेन देतो. म्हणजे पहिल्याच स्टेजनंतर साडेपाच व्होल्ट! ईएल८४ तेवढ्यावरच भरतो. दुसरी स्टेज टोन कंट्रोलमध्ये जाणारा सिग्नल भरून काढते, आणि त्यातून जे उरतं ते ओव्हरड्राइव्ह, म्हणजे आवाज फाटवणारा जास्तीचा सिग्नल. म्हणून ईएल८४चा ॲम्प लवकर फाटतो आणि ६व्ही६चा जरा उशिरा, गोलसर फाटतो. दोघांच्या स्वभावाबद्दल लोक भरभरून बोलतात. माझ्या अनुभवात त्यातला मोठा भाग या एका आकड्यात आहे.

रेडिओतला ईबीसी८१ वापरता येईल का, हेही तुम्ही विचारलंय. त्याच्या ट्रायोडचा म्यू, म्हणजे जास्तीत जास्त शक्य गेन, ७० आहे, हाती ४५ च्या आसपास गेन येईल. एवढ्या एका स्टेजवर ईएल८४ जेमतेम भरतो आणि टोन कंट्रोलला काही उरत नाही. स्वच्छ आवाजाचा, पुढे पेडल लावून वाजवायचा ॲम्प हवा असेल तर हे अगदी देखणं सर्किट आहे. तुमची मागणी तशी नाही. ईसीएच८१ आणि ईबीएफ८९ रेडिओच्या कामाचे आहेत, ते कापडात गुंडाळून ठेवा, दुसऱ्या कुणाचा रेडिओ त्यांच्यावर चालेल.

सर्किटच्या किमती सांगतो, कागदावर काढत वाचा. इनपुट जॅकपासून ६८ किलोओहम मालिकेत थेट व्हॉल्व्हच्या पिनवर, ग्रिडपासून १ मेगओहम अर्थला. पहिल्या ट्रायोडला वर सांगितलेला १०० किलोओहम आणि दीड किलोओहम, कॅथोडला २२ मायक्रोफॅरड. पुढे ०.०२२ मायक्रोफॅरड, मग १ मेगओहमचा लॉग व्हॉल्यूम. दुसरा ट्रायोड तसाच, फक्त त्याच्या कॅथोडला कंडेन्सर लावू नका. सगळं वाजायला लागल्यावर क्लिपनं लावून बघा आणि मग ठरवा. पुन्हा ०.०२२, ईएल८४च्या ग्रिडपासून अर्थला ४७० किलोओहम, ग्रिडच्या पिनला लागून ४.७ किलोओहम. स्क्रीनला (पेंटोडमधली दुसरी ग्रिड) १ किलोओहम २ वॅट. कॅथोडला १५० ओहम ५ वॅट आणि ४७ मायक्रोफॅरड. ईझेड८०नंतर पहिला फिल्टर कंडेन्सर ३३ मायक्रोफॅरड ४५० व्होल्ट. ईझेड८०ची मर्यादा ५० मायक्रोफॅरड आहे, ‘हम (गुणगुण) कमी होईल’ म्हणून तिथं १०० घातला तर रेक्टिफायर दर वेळी चालू होताना मार खातो. त्यापुढे १ किलोओहम ५ वॅट आणि ३३, मग २२ किलोओहम आणि २२.

ईझेड८०च्या जागी सिलिकॉन डायोड लावण्याचा मोह होईल. लावू नका. ईझेड८० हळूहळू तापतो, त्यामुळे एचटी बाकीच्या व्हॉल्व्हसोबत चढते. डायोड लावले तर २५० व्होल्ट एसीचे साडेतीनशे व्होल्ट डीसी पहिल्या सेकंदाला तयार होतात, आणि व्हॉल्व्ह तापल्यावरही एचटी आधीपेक्षा जास्तच राहते. ईएल८४ त्यासाठी बनलेला नाही, त्याची प्लेटची मर्यादा ३०० आहे.

डायोड न लावताही व्होल्टेज वाढणारच आहे. रेडिओतले तीन व्हॉल्व्ह काढून तुम्ही एक ईसीसी८३ घालताय, तो सगळा मिळून दोन मिलिअँपिअर घेतो. ट्रान्स्फॉर्मरवरचा भार कमी झाला की एचटी वर सरकते. त्यातच रेडिओ ज्या काळातला आहे तेव्हा मेन २२० धरलं जायचं, आज तुमच्या सॉकेटमध्ये २४० मिळू शकतात. ट्रान्स्फॉर्मरवर टॅप (मेनच्या वेगवेगळ्या व्होल्टेजसाठीची टोकं) बदलायची सोय असेल तर सगळ्यात वरचा टॅप घ्या. मग हे मोजा: ईएल८४ची पिन ३, म्हणजे कॅथोड. समजा तिथं ८.१ व्होल्ट आले. १५० ओहममधून ८.१ व्होल्ट म्हणजे ५४ मिलिअँपिअर. त्यातले साडेपाच स्क्रीनचे वजा केले की प्लेटचे साडेअठ्ठेचाळीस. आता पिन ७ आणि पिन ३ यांच्यामध्ये २६२ व्होल्ट असतील तर गुणाकार १२.७ वॅट येतो, आणि मर्यादा १२ आहे. अशा वेळी कॅथोडचा रेझिस्टन्स १८० करायचा आणि पुन्हा मोजायचं. सर्किटच्या चित्रात १३५ किंवा १५० लिहिलंय म्हणून तेच राहिलं पाहिजे असं नाही. तो आकडा २५० व्होल्टसाठी काढलेला आहे. तुमच्या खोक्यातला ईएल८४ किती दिवस टिकेल ते या गुणाकारावर ठरतं.

आउटपुट ट्रान्स्फॉर्मर रेडिओचाच वापरा. ईएल८४ला ५.२ किलोओहमचा भार लागतो आणि रेडिओवाल्यांनी तो त्याच हिशेबानं बनवलेला असतो. खात्री करायची असेल तर सुटा काढून प्रायमरीला १२ व्होल्ट एसी द्या आणि सेकंडरीला किती येतात बघा. ०.३३ आले तर गुणोत्तर ३६. त्याचा वर्ग सुमारे १३००, गुणिले ४ ओहमचा स्पीकर, म्हणजे ५.२ किलोओहम. उलट दिशेनं, म्हणजे सेकंडरीला व्होल्टेज देऊन मोजू नका. ६.३ व्होल्ट दिले तर प्रायमरीवर सव्वादोनशे तयार होतात. त्याच ट्रान्स्फॉर्मरला ८ ओहमचा स्पीकर लावला तर भार दुप्पट होतो, ताकद कमी होते आणि आवाज जरा कडक लागतो. स्पीकर न लावता मात्र ॲम्प चालवायचाच नाही.

मुंबईत किंवा कोकणात पडून राहिलेल्या सेटमध्ये या ट्रान्स्फॉर्मरची प्रायमरी तुटलेली असण्याची शक्यता बरीच. केसासारख्या बारीक तारेला दमट हवेत हिरवा गंज चढतो. काहीशे ओहम दाखवले तर ठीक, उघडं दाखवलं तर वाइंडिंगवाल्याकडे न्या. त्याला तीन गोष्टी सांगा: प्रायमरी ५ किलोओहम, सेकंडरी ४ आणि ८ ओहम, आणि प्रायमरीतून ६० मिलिअँपिअर डीसी सतत वाहणार आहे. ही तिसरी गोष्ट सांगितली नाही तर तो सवयीनं मेन ट्रान्स्फॉर्मरसारख्या ई आणि आय पट्ट्या एकाआड एक भरेल. इथे सगळ्या ई एका बाजूला, सगळ्या आय दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये कागद हवा. त्या फटीशिवाय डीसीनं कोअर भरून जातो, खर्ज जातो आणि आवाज कोंडतो. याच कारणानं जुन्या पीए ॲम्पचा १०० व्होल्ट लाइन ट्रान्स्फॉर्मर किंवा साधा २३० ते ६ व्होल्टचा ट्रान्स्फॉर्मर एका ईएल८४च्या मागे चालत नाही, जरी गुणोत्तर जवळ असलं तरी.

दोन ईएल८४ आहेत तर पुशपुल, म्हणजे दोघांनी मिळून आळीपाळीनं स्पीकर ओढायची जोडणी, का नको? मार्शलचा १८ वॅटचा १९६० च्या दशकातला ॲम्प दोन ईएल८४वरच आहे आणि तो मला फार आवडतो. पण त्याला फेज इन्व्हर्टर (सिग्नलच्या दोन उलटसुलट प्रती करणारी स्टेज), वेगळा आउटपुट ट्रान्स्फॉर्मर आणि मोठा मेन ट्रान्स्फॉर्मर लागतो, आणि फ्लॅटमध्ये तो पूर्ण उघडता येत नाही. मुळात पाच वॅटच कमी नाहीत. १ वॅटला १ मीटरवर ९५ डेसिबल देणारा गिटारचा स्पीकर पाच वॅटवर १०२ पर्यंत जातो. शेजारी दार ठोठावतील एवढा तो आवाज आहे. अडीच वॅट केले तरी फक्त ३ डेसिबल उतरतात. त्यामुळे रात्री वाजवायचं असेल तर स्क्रीन प्लेटला जोडणारा ट्रायोडचा स्विच ठेवा, म्हणजे दोन वॅटच्या आसपास येईल. तो स्विच ३०० व्होल्ट डीसी सहन करणारा घ्या आणि ॲम्प बंद असतानाच फिरवा.

पीसीएल८२ तुमच्याकडे तीन आहेत आणि त्यांना बाजारात फारसं कुणी विचारत नाही. जुन्या टीव्हीतून निघालेले हे व्हॉल्व्ह हीटर सोडला तर ईसीएल८२च आहेत. हीटर १६ व्होल्ट ३०० मिलिअँपिअर, म्हणजे १८ व्होल्टचा छोटा ट्रान्स्फॉर्मर आणि मालिकेत ६.८ ओहम २ वॅट इतकंच लागतं. पेंटोडची मर्यादा ७ वॅट, २०० व्होल्टवर साडेतीन वॅट आवाज मिळतो. अडचण अशी की आतला एकटा ट्रायोड गिटारच्या १०० मिलिव्होल्टमधून सात व्होल्टच्या आसपासची शिखरं देतो, आणि तेवढ्यानं पेंटोड पूर्ण भरत नाही. पुढे आणखी एक ट्रायोड हवाच. तुमच्या दुसऱ्या ॲम्पसाठी हे छान सामान आहे: पुढे उरलेल्या ईसीसी८३चा एक भाग, मागे पीसीएल८२. तो ॲम्प या पहिल्यापेक्षा मऊ वाजेल. पहिल्यासाठी नको, कारण हीटरची वेगळी सोय आणि कमी एचटी अशा दोन नव्या गोष्टी एकदम अंगावर येतील.

आता जुन्या व्हॉल्व्हची पारख. काचेच्या वरच्या किंवा बाजूच्या चकचकीत रुपेरी डागाला गेटर म्हणतात. तो पांढरा पडला असेल तर आत हवा शिरली, व्हॉल्व्ह गेला. छापलेल्या नावावर फार विसंबू नका, नाव पुन्हा छापता येतं. फिलिप्स गटाच्या व्हॉल्व्हवर तळाशी काचेत कोरल्यासारखा छोटा कोड असतो, त्यात कारखान्याचं अक्षर असतं. मुलार्डच्या ब्लॅकबर्नच्या कारखान्याचं बी. तो पुसला जात नाही, म्हणून नावं गेलेले व्हॉल्व्ह ओळखायलाही तोच कामाला येतो. काच तिरकी धरून भिंगानं बघा. ईसीसी८३ असेल तर सर्किटमध्ये घालून व्हॉल्यूम अर्धा ठेवा आणि पेन्सिलीच्या रबरानं काचेवर हलकी टिचकी मारा. टक् असा आवाज येऊन विरला तर चालेल, घंटेसारखा घुमत राहिला तर तो इथे नको, कारण पहिली स्टेजही त्याच काचेत आहे.

ईएल८४ तपासायला टेस्टर नसला तरी अडत नाही. दोन्ही आळीपाळीनं त्याच सॉकेटमध्ये घाला, दहा मिनिटं तापू द्या आणि कॅथोडचे व्होल्ट लिहून ठेवा. ज्याचे बरेच कमी येतील तो थकलेला. मग ग्रिडची पिन २ मोजा. तिथं शून्य हवं. पॉझिटिव्ह अर्धा व्होल्ट दिसला तर कपलिंग कंडेन्सर गळतोय किंवा व्हॉल्व्हमध्ये गॅस आहे. ॲम्प बंद करून कंडेन्सरचं एक टोक सोडवा आणि पुन्हा मोजा: व्होल्ट गेले तर कंडेन्सर, राहिले तर व्हॉल्व्ह. रेडिओतले मेणाचे आणि कागदाचे कंडेन्सर तर काढूनच टाका, एकही ठेवू नका. त्यातला एक गळला की ग्रिड वर ओढली जाते, प्लेट लाल होते, आणि सोबत आउटपुट ट्रान्स्फॉर्मर जातो. जुने इलेक्ट्रोलिटिकही नवे घाला. जुनेपणाचा आवाज या कंडेन्सरमध्ये आहे असं म्हणणारे भेटतील, पण एका ट्रान्स्फॉर्मरच्या बदल्यात तो प्रयोग करण्यासारखा नाही.

जुने, न वापरलेले व्हॉल्व्ह महाग घ्यावेत का? परिस्थितीवर आहे. आउटपुट व्हॉल्व्ह झिजतो, तो दर काही वर्षांनी बदलायची वस्तू आहे. त्यामुळे तिथं स्लोव्हाकियाच्या जेजेचा किंवा रशियन बनावटीचा नवा ईएल८४ घालावा आणि तुमचे जुने चांगले असतील तर राखून ठेवावेत. ईसीसी८३ मात्र सौम्य कामात वर्षानुवर्षं जातो, म्हणून पहिल्या स्टेजला एक शांत, न घुमणारा जुना व्हॉल्व्ह मिळाला तर त्यावर केलेला खर्च वाया जात नाही. रशियन ६एन२पी स्वस्तात मिळाला तर तोही चांगला आहे, फक्त त्याचं हीटर पिन ४ आणि ५ मध्ये ६.३ व्होल्टचं आहे आणि पिन ९ शील्डची, त्यामुळे सॉकेटची जोडणी बदलावी लागते. एका कंपनीचा ईसीसी८३ काढून दुसऱ्याचा घातला तर आवाजात पडणारा फरक मला नेहमीच लहान वाटला आहे. स्पीकर बदलल्यावरचा फरक शेजारच्या खोलीतल्या माणसालाही कळतो. म्हणून पैसे मोजके असतील तर आधी स्पीकर घ्या: १० किंवा १२ इंच, गिटारसाठीच बनवलेला, ४ ओहमचा मिळाला तर उत्तम. रेडिओतला लंबगोल स्पीकर तीनेक वॅटचा असतो, फाटलेल्या आवाजावर त्याचा कागद फार दिवस टिकत नाही.

जोडणीबद्दल दोनच गोष्टी, कारण बाकी तुमच्या किटच्या सवयी कामाला येतील. हीटरच्या वायरी पीळ देऊन चॅसीच्या कोपऱ्यातून न्या आणि दोन्ही टोकांपासून १०० ओहमचा एकेक रेझिस्टन्स अर्थला द्या, गुणगुण बरीच उतरते. वाइंडिंगचं एक टोक किंवा मधला टॅप आधीच चॅसीला जोडलेला असेल तर तो आधी सोडवा. दुसरं, स्पीकरपासून दुसऱ्या ट्रायोडच्या कॅथोडला निगेटिव्ह फीडबॅक (आउटपुटचा थोडा सिग्नल उलटा करून परत) द्यायचा असेल तर सगळं वाजायला लागल्यावरच द्या, २२ किलोओहमपासून सुरुवात करा. जोडल्याबरोबर ॲम्प किंचाळला तर आउटपुट ट्रान्स्फॉर्मरच्या प्रायमरीच्या दोन वायरी अदलाबदल करा. फीडबॅकला स्विच ठेवलात तर एका बाजूला चॅम्पसारखा आटोपशीर आवाज आणि दुसऱ्या बाजूला एसी४सारखा मोकळा, असे दोन्ही एकाच खोक्यात मिळतील.

पुढे जाण्याआधी रेडिओवर एवढं मोजून कळवा: प्लग आणि चॅसीमधला रेझिस्टन्स, आउटपुट ट्रान्स्फॉर्मरच्या प्रायमरीचे ओहम आणि १२ व्होल्ट दिल्यावर सेकंडरीला आलेले व्होल्ट, आणि मेन ट्रान्स्फॉर्मरवर टॅपचे आकडे लिहिले असतील तर ते. कंडेन्सर बदलेपर्यंत सेट मेनला लावू नका. हे आकडे आले की कॅथोडचा रेझिस्टन्स किती धरायचा आणि स्पीकर ४ ओहमचा घ्यायचा की ८चा, ते नक्की सांगता येईल.